आर१०, मायस्टरकुगेल्न की फिनाले? १० मीटर एअर रायफलच्या पेलेटची पारख

१० मीटर एअर रायफलसाठी चांगली पेलेट (छर्रा) विचारली की तीन नावं हमखास पुढे येतात: आरडब्ल्यूएसची आर१० मॅच, त्याच कंपनीची मायस्टरकुगेल्न आणि एच अँड एनची फिनाले मॅच. तिन्ही जर्मन बनावटीच्या, ४.५ मिमीच्या, शिशाच्या आणि सपाट डोक्याच्या. रायफलसाठी तिन्ही ०.५३ ग्रॅम वजनात मिळतात. कागदावर त्यांच्यात निवडण्यासारखं फार काही उरत नाही, आणि म्हणूनच नवा नेमबाज गोंधळतो. तो सगळ्यांत महाग डबा उचलतो, आठवडाभरात नऊ लागायला लागले की दुसरं नाव आणतो. मग नेमकं काय बदललं, पेलेट की पकड, हे त्यालाही सांगता येत नाही.

निकाल आधीच सांगतो. सरासरी शॉट अजून (१०.९ पैकी) साडेनऊच्या आसपास असेल तर मायस्टरकुगेल्न पुरे, फक्त सगळे डबे एका लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले, हवेत. सरासरी दहाच्या पुढे गेली की आर१० किंवा फिनाले घ्यावी, पण स्वतःच्या बॅरलमधून (रायफलच्या नळीतून) लॉट तपासून. न तपासता घेतलेली आर१० ही तपासून घेतलेल्या मायस्टरकुगेल्नपेक्षा चांगली निघेलच, याची कुणी हमी देऊ शकत नाही.

यामागचं कारण पेलेटच्या घडणीत आहे. पेलेटला पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर असतो, त्याला स्कर्ट म्हणतात. हवेचा दाब आतून बसला की पातळ स्कर्ट फुगतो, बॅरलच्या भिंतीला चिकटतो आणि हवा पुढे निसटू देत नाही. डोकं रायफलिंगच्या (नळीतल्या पिळदार खाचांच्या) उंच कडांवर टेकून पेलेटला सरळ धरतं. म्हणजे डोकं दिशा सांभाळतं आणि स्कर्ट वेग सांभाळतो. डोकं सैल पडलं तर पेलेट नळीत किंचित कलते आणि तशीच बाहेर पडते. स्कर्ट एका बाजूने दबलेला असेल तर नळीच्या तोंडाशी हवा एका अंगाने आधी सुटते आणि पेलेटच्या शेपटाला धक्का देते. प्रत्येक बॅरल शेवटच्या शतांश मिलिमीटरपर्यंत सारखं नसतं, एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचंही नसतं. त्यामुळे शेजारच्या लेनवर सोन्यासारखा चालणारा लॉट आपल्याकडे जेमतेम चालू शकतो.

आता प्रश्न असा की हा फरक स्कोअरमध्ये किती दिसतो. इथे आकडेमोड केल्याशिवाय बोलू नये. १० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमी व्यासाचा, नऊचं वर्तुळ ५.५ मिमीचं. पेलेटची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे पेलेटचा मध्य केंद्रापासून २.५ मिमीच्या आत हवा. दशांश गुणांत प्रत्येक ०.२५ मिमीला ०.१ गुण जातो, १०.९ हवा तर मध्य केंद्रापासून ०.२५ मिमीच्या आतच लागतो.

समजा रायफल क्लॅम्पमध्ये धरून १० शॉट मारले. उत्तम जुळलेल्या पेलेटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, बाहेरच्या कडांवर मोजून सुमारे ५.५ मिमी येतो, मध्यम पेलेटचा ६ मिमी आणि न जुळणाऱ्या पेलेटचा ७.५ मिमी असं धरू. पेलेटचा फैलाव नेमबाजाच्या फैलावात सरळ मिळवायचा नसतो. दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढायचं. ज्याची सरासरी ९.४ च्या आसपास आहे त्याला ६० शॉटमध्ये मध्यमऐवजी उत्तम पेलेट वापरून मिळतो साधारण अर्धा गुण. हो, अख्ख्या मॅचमध्ये अर्धा. ७.५ मिमीची पेलेट सोडून ५.५ मिमीची घेतली तर त्याच नेमबाजाला सुमारे ३ गुण मिळतात. सरासरी १०.२ असणाऱ्याला हेच दोन बदल अनुक्रमे १ आणि ५ गुणांच्या आसपास देतात. म्हणून नवख्याचं पहिलं काम सर्वोत्तम पेलेट शोधणं हे नाही. वाईट पेलेट टाळणं आणि मग वर्षभर त्याच लॉटला चिकटून राहणं, हे त्याचं काम. पेलेट स्थिर राहिली की नऊ का लागला याचं उत्तर शरीरात, श्वासात आणि ट्रिगरवर शोधता येतं.

मायस्टरकुगेल्न ही सरावाची पेलेट म्हणून मला या तिघांत सर्वांत समजूतदार निवड वाटते. वजन आणि आकार मॅच पेलेटचाच, त्यामुळे पुढे आर१०वर गेलं तरी साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) सेटिंगमध्ये मोठी उलथापालथ होत नाही. घेताना मात्र डब्यावर नीट पाहावं. मायस्टरकुगेल्न आणि आर१० दोन्ही ०.४५ ग्रॅममध्येही येतात आणि त्या पिस्तुलासाठी असतात. रायफलमध्ये हलकी पेलेट वेगाने जाते आणि शॉट वर लागतो. ती चालत नाही असं नाही, एखाद्या बॅरलला चक्क आवडते. पण दोन वजनं मिसळली तर साइट कशावर लावायची हेच कळेनासं होतं. आरडब्ल्यूएसचीच हॉबी ही ०.४५ ग्रॅमची साधी पेलेट आहे. लोडिंगची सवय, कोरा कागद समोर ठेवून पकडीचा सराव, एवढ्यासाठी ती ठीक. स्कोअर लिहून ठेवायचा असेल तर नको.

आर१० आणि फिनाले यांच्यात जास्तीचे पैसे जातात ते एकसारखेपणासाठी. डबा उघडून भिंगाखाली पाहिलं की फरक समजतो: स्कर्टची कड गोल, डोक्याची धार अखंड, तळाशी शिशाचा चुरा कमी. फिनालेची मला आवडलेली बाजू म्हणजे ती डोक्याच्या वेगवेगळ्या मापांत मिळते, ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी. त्यामुळे एकाच पेलेटची तीन मापं शेजारी ठेवून तपासता येतात आणि बॅरलचा कल लवकर कळतो. मॅच दर्जाच्या काही पेलेट डब्यात सुट्या न ठेवता स्पंजच्या खाचांत एकेक बसवून येतात. तो दिखावा नाही. ५०० सुट्या पेलेट प्रवासात एकमेकींवर आपटतात आणि सगळ्यांत पातळ भाग, म्हणजे स्कर्ट, सगळ्यांत आधी दबतो. मॅचसाठी असं पॅकिंग घ्यावं. रोजच्या सरावासाठी त्याचे जास्तीचे पैसे मोजू नयेत.

माप वाचताना एक गैरसमज टाळावा. ४.५१ ही ४.५० पेक्षा ‘घट्ट म्हणून अचूक’ नसते. मोठं डोकं घट्ट बॅरलमध्ये जास्त घासतं, बसवताना जोर लागतो आणि त्या जोरात ती वाकडी बसू शकते. लहान डोकं सैल बॅरलमध्ये डुलतं. बोटाने ढकलताना काय जाणवतं यावरून अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही. निकाल कागदच देतो.

कागदावरची तपासणी म्हणजे या सगळ्याचा गाभा. चार लॉट घ्यावेत: मायस्टरकुगेल्नचा एक, आर१०चा एक, फिनालेचे ४.४९ आणि ४.५०. एकेक डबा पुरतो. अंतर टेपने मोजून नेमकं १० मीटर. टार्गेटमागे पेलेट अडवणारी पेटी, डोळ्यांवर चष्मा, आणि शॉट संपेपर्यंत टार्गेटच्या दिशेने कुणीही जायचं नाही. मॅच रायफलला झटका जवळपास नसतो, म्हणून ती क्लॅम्पमध्ये धरता येते. पण क्लॅम्प रायफलच्या मधल्या धातूच्या भागावर लावायचा. बॅरलवर लावला तर त्याच्यावर ताण येतो. हवेच्या सिलेंडरवर लावला तर दाब कमी होताना सिलेंडर किंचित आकसतो आणि नेम सरकतो. क्लॅम्प नसेल तर पुढे आणि मागे वाळूच्या पिशव्या ठेवून बसून मारावं. ग्रुप थोडा मोठा येईल, पण चारही लॉटना तोच तोटा होईल. स्प्रिंगच्या रायफलीला मात्र क्लॅम्पमध्ये आवळू नये. तिला मागेपुढे हलायची सवय असते. आवळली की ती वेगळीच वागते आणि निकाल खांद्यावरच्या रायफलीला लागू पडत नाही.

बॅरल आधी फेल्टच्या तुकड्यांनी कोरडं साफ करून घ्यावं. उच्च दाबाच्या हवेच्या वाटेत साधं तेल जाऊ देऊ नये, दाबाने ते पेट घेऊ शकतं. साफ केलेलं बॅरल पहिले काही शॉट इकडेतिकडे टाकतं, म्हणून सुरुवातीला १५ शॉट मोजू नयेत. पुढे प्रत्येक वेळी लॉट बदलला की ५ शॉट सोडून द्यावेत. आधीच्या पेलेटचा थर नळीत असतो. मग १० शॉटचा एक ग्रुप. लॉटना क, ख, ग, घ अशी अक्षरं देऊन क्रम लावावा क-ख-ग-घ, मग उलटा घ-ग-ख-क, आणि हे सगळं पुन्हा एकदा. असं केलं की सिलेंडरचा दाब, तापमान आणि थकवा यांचा परिणाम एकाच लॉटच्या माथी पडत नाही. शक्य असेल तर अक्षरं दुसऱ्या कुणाला लावू द्यावीत. महाग डबा कोणता हे माहीत असलं की ट्रिगरवरचं बोट जास्त काळजी घेतं, हे माणसाच्या स्वभावातच आहे. एकूण हिशेब: १६ ग्रुपचे १६० शॉट, सोडून दिलेले ६० आणि सुरुवातीचे १५.

टार्गेटसाठी साधा कागद चालत नाही, तो फाटतो. जाड टार्गेट कार्डच हवं. सपाट डोकं त्यात गोल, स्वच्छ भोक कापतं. आधी एकच शॉट मारून त्या भोकाचा व्यास कॅलिपरने मोजावा. तो बहुतेक वेळा ४.५ पेक्षा किंचित कमी भरतो. मग ग्रुपच्या बाहेरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजून त्यातून तो व्यास वजा करावा. उरतो तो मध्यापासून मध्यापर्यंतचा फैलाव. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक शॉटचे निर्देशांक, म्हणजे आडवं-उभं स्थान, मिळतात. तिथे टोकाच्या दोन शॉटऐवजी सर्व शॉटचं ग्रुपच्या मध्यापासूनचं सरासरी अंतर काढावं. ते जास्त विश्वासार्ह, कारण त्यात दहाही शॉट बोलतात.

पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. एकच लॉट, एकच रायफल, एकच क्लॅम्प. तरी लागोपाठचे दोन पाच-शॉटी ग्रुप ०.५ आणि १.१ मिमी येऊ शकतात आणि त्यात पेलेटचा काही दोष नसतो, तो निव्वळ योगायोग असतो. नवीन मॅच रायफलबरोबर कारखान्याचं टेस्ट कार्ड येतं, त्यावरचा सुंदर ग्रुप पाहताना हे लक्षात ठेवावं. शिवाय शॉट वाढले की ग्रुप मोठा होणारच: १० शॉटचा फैलाव ५ शॉटपेक्षा सरासरीने पाव पट जास्त असतो. म्हणून पाचाच्या ग्रुपची दहाच्या ग्रुपशी तुलना करू नये. १० शॉटच्या चार ग्रुपची सरासरी घेतली तरी १० टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता राहते. दोन लॉटमधला फरक २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दोघांना बरोबरीत सोडावं आणि स्वस्त किंवा सहज मिळणारा लॉट घ्यावा. मनाला हे पटायला जड जातं, पण आकडे तेच सांगतात.

ग्रुपचा आकारही बोलतो. उभा, लांबट ग्रुप म्हणजे वेगात चढउतार. मॅच रायफलमधून ०.५३ ग्रॅमची पेलेट सुमारे १७० मीटर प्रति सेकंद वेगाने निघते आणि १० मीटरपर्यंत ती जवळपास १८ मिमी खाली येते. वेगात ५ मीटरचा फरक पडला की शॉट सुमारे १ मिमी वर-खाली होतो, म्हणजे ०.४ गुण. असं सातत्याने चारही लॉटमध्ये दिसलं तर दोष पेलेटचा नसून रेग्युलेटरचा (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाचा) किंवा संपत आलेल्या दाबाचा. एका लॉटमध्येच दिसलं तर त्या लॉटचे स्कर्ट भिंगाखाली पाहावेत. आठ-नऊ शॉट एकाच भोकात आणि एखादा सटकलेला, असा ग्रुप वारंवार आला तर दबलेल्या पेलेटवर संशय घ्यावा. गोल पण मोठा ग्रुप म्हणजे बहुधा डोक्याचं माप जुळलेलं नाही. दोन वेगळे पुंजके दिसले तर पेलेटला हात लावण्याआधी साइटचे आणि स्टॉकचे स्क्रू तपासावेत.

वजन करून पेलेट निवडण्याचा छंद अनेकांना लागतो. त्याचा हिशेब असा: वजनात १ टक्का फरक म्हणजे ०.००५ ग्रॅम, त्याने वेग अर्धा टक्का बदलतो आणि शॉट ०.२ मिमीपेक्षाही कमी सरकतो. एका दशांशाइतकाही नाही. त्यात घरगुती काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच वाचत असेल तर तो हा फरक पाहूच शकत नाही. मॅच दर्जाच्या लॉटमध्ये यावर संध्याकाळ घालवण्यापेक्षा प्रत्येक पेलेट उलटी धरून स्कर्ट पाहावा. दोन सेकंदांचं काम आहे आणि सटकणारे शॉट त्यातूनच कमी होतात. जमिनीवर पडलेली पेलेट कितीही चांगली दिसली तरी परत भरायची नाही. तिला चिकटलेला वाळूचा कण बॅरलला ओरखडा पाडतो. पेलेट धुण्याची मॅच दर्जात गरज नसते. तळाशी चुरा दिसलाच तर कोरड्या कापडावर हलकेच फिरवाव्यात.

पेलेट भरताना ती खाचेत अलगद ठेवून अंगठ्याने सरळ रेषेत ढकलावी, प्रत्येक वेळी सारख्याच जोराने. तिरकी बसलेली पेलेट लिव्हर बंद करताना कडेवर चिरडते. लिव्हरला नेहमीपेक्षा जास्त जोर लागला तर तो शॉट मॅचमध्ये मारू नये. सुरक्षित दिशेला धरून तो काढून टाकावा आणि नवीन भरावी.

शिशाबद्दल हयगय नको. पेलेट तोंडात धरायची जुनी सवय काहींना असते, ती घातक आहे. रेंजवर खाणं-पिणं टाळावं, सराव संपल्यावर साबणाने हात धुवावेत, डब्याच्या तळाचा चुरा फुंकून उडवू नये, ओल्या कपड्याने पुसून घ्यावा. दमट जागी ठेवलेल्या पेलेटवर पांढरट भुकटी चढते. तो शिशाचाच गंज आहे, अशा पेलेट सरावालाही वापरू नयेत. लाकडी कपाटातल्या आम्ल वाफाही शिशाला खातात, म्हणून मूळ डबा झाकण घट्ट लावून धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत ठेवावा. शिसं नकोच असेल तर एच अँड एनची मॅच ग्रीन आहे, पण ती अवघी ०.३४ ग्रॅमची, तिच्यासाठी साइट आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

शेवटी खरेदी. तपासणी झाली की जिंकलेल्या लॉटचे डबे त्याच आठवड्यात घ्यावेत, कारण तोच लॉट दोन महिन्यांनी मिळेलच असं नाही. स्टिकरवरचा लॉट क्रमांक आणि माप प्रत्येक डब्यावर पडताळून घ्यावं. बाहेरचं खोकं एक असलं तरी आतले डबे वेगळ्या लॉटचे असू शकतात. स्टिकर नसलेला किंवा खरवडलेला डबा घेऊ नये. आठवड्याला पाच दिवस १०० शॉट मारणाऱ्याला आठवड्याला एक डबा लागतो, म्हणजे वर्षाला पन्नासच्या वर. इतका साठा एका लॉटचा मिळवणं नवख्याला अवघड. त्याने सरावासाठी मायस्टरकुगेल्नचे ८-१० डबे एका लॉटचे आणि मॅचसाठी तपासलेल्या आर१० किंवा फिनालेचे २-३ डबे ठेवावेत. मॅचच्या आधीचे चार-पाच सराव मात्र मॅचच्याच पेलेटने करावेत, म्हणजे साइटचे क्लिक आयत्या वेळी शोधावे लागत नाहीत.

आणि शेवटचा डबा रिकामा होऊ देऊ नये. चालू लॉटच्या १०० पेलेट बाजूला काढून त्यावर लॉट क्रमांक आणि त्यांचा क्लॅम्पमधला सरासरी ग्रुप लिहून ठेवावा. पुढचा लॉट तपासताना त्यातल्या ४० त्याच दिवशी, त्याच क्रमात मारायच्या. जुन्या लॉटचाही ग्रुप फुगलेला दिसला तर नव्या पेलेटना दोष देण्याआधी बॅरल साफ करायचं, स्क्रू आवळायचे आणि रेग्युलेटर तपासायचा.